काखेकडे बघतंय कोण?

प्रश्न : ताई, माझी मुलगी नववीत आहे, कबड्डी छान खेळते. यंदा शाळेच्या टीममध्ये निवड झाली पण नवी जर्सी स्लीव्हलेस आहे म्हणून आता खेळायचंच नाही म्हणतेय, का तर काखा काळ्या दिसतात! मी म्हटलं अगं चढाईला गेल्यावर काखेकडे बघतंय कोण, तर मोबाईलवर जाहिरातच काढून दाखवली, एक मुलगी हात वर करते आणि शेजारच्या दोघी एकमेकींकडे बघून हसतात. आता तिला व्हाइटनिंग रोल-ऑन पाहिजे. घेऊन देऊ का? आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो. – एक आई, कराड

उत्तर : आपल्या वेळी काखा होत्या की, फक्त त्यांच्या रंगाचा विषय कुणी काढला नव्हता. तेव्हा सगळा मारा चेहऱ्यावर होता. मी अकरावीत असताना आमच्या घरी क्रीमच्या खोक्यात पुठ्ठ्याची एक पट्टी यायची, त्यावर चौकोन, गडद तपकिरीपासून फिकट गुलाबीपर्यंत. ती गालाला लावायची आणि आपण कितव्या घरात आहोत ते बघायचं. मी रोज बघायचे. सकाळी खिडकीपाशी बघितलं की एक घर पुढे, रात्री ट्यूबलाइटखाली बघितलं की परत मागे, आणि मागे गेले की रात्री जेवण गोड लागायचं नाही, खरंच सांगते. त्या पट्टीआधी मी स्वतःला सावळी म्हणायचे, संपला विषय. पट्टीनं मला नंबर दिला.

काखेचंही असंच झालंय, आणि हे आजचं नाही. 1915 मध्ये अमेरिकेत बिनबाह्यांच्या गाऊनची फॅशन आली, त्याच वर्षी हार्पर्स बझार मासिकात केस काढायच्या पावडरीची जाहिरात आली, बाई हात वर करून उभी आणि मजकूर असा की आता हे नको असलेले केस काढणं गरजेचं झालंय. जिलेटनं बायकांसाठी वेगळा रेझर काढला तोही 1915 मध्येच. त्याआधी तिथल्या बहुतेक बायकांना काखेतले केस ही अडचण वाटतच नव्हती. म्हणजे बघा, आधी केस काढायला लावले, मग घामाच्या वासाची लाज, आता रंगाची. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) सारखा रेझर फिरवून आणि भडक वासाच्या डिओनं कातडी चुरचुरून काख आणखी काळवंडते. एकानं करायचं, दुसऱ्यानं निस्तरायचं, बिल आपल्याच नावावर.

सगळं खापर जाहिरातीवरच फोडत नाही मी. 'गोरी, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे' हे आपणच छापत आलो, 'रंग जरा कमी आहे पण नाकीडोळी नीटस' हे आपल्याच आत्या-मावश्या म्हणतात. फेअर अँड लव्हली 1975 मध्ये बाजारात आली ती या तयार जमिनीत. पण जाहिरातीनं त्याला नोकरी जोडली, आत्मविश्वास जोडला. ती एअर होस्टेसवाली जाहिरात आठवतेय का, बाप म्हणतो मुलगा असता तर बरं झालं असतं, मग पोरगी क्रीम लावते आणि नोकरी मिळवून येते? जनवादी महिला संघटनेनं तक्रार लावून धरली आणि 2003 मध्ये सरकारनं ती थांबवली. 2014 मध्ये एएससीआयनं, म्हणजे जाहिरात क्षेत्रानं स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेल्या संस्थेनं, नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, मागे पडलेलं दाखवायचं नाही. 2020 मध्ये त्या क्रीमचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. आता 'गोरं' कुणी म्हणत नाही, 'ग्लो', 'ब्राइट', 'इव्हन टोन' म्हणतात. पोरींना अर्थ बरोब्बर कळतो.

आता तुमच्या लेकीचं. रोल-ऑन घेऊन देऊ नका असं मी म्हणणार, पण 'काय फालतूपणा आहे' असंही म्हणू नका, तिला लाज खरीच वाटतेय. तुमची काख दाखवा तिला, हसू नका, खरंच दाखवा. आपल्याकडे बहुतेकींची तिथली कातडी हातापेक्षा गडदच असते, घडी पडते, घासलं जातं. मग ती जाहिरात दोघींनी मिळून आवाज बंद करून बघा आणि तिला विचारा, यात ती मुलगी हात वर करते तेव्हा काख आहे का मेणाची बाहुली. एक गोष्ट मात्र बघून ठेवा, मानेवर आणि काखेत कातडी जाड, मखमलीसारखी काळी होत असेल तर ते इन्सुलिनच्या गडबडीचं लक्षण असू शकतं, तेव्हा डॉक्टरांकडे जा, मेकअपच्या दुकानात नाही. आणि जर्सीच्या आत हाफ बाह्यांचा टी-शर्ट चालेल का ते सरांना विचारून टाका. आधी मॅटवर तर उतरू दे पोरीला.

प्रश्न : बहिणीचं लग्न ठरलंय. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणली, पंधरा दिवसांत मस्त उजळली, आता थांबवलं की चेहरा लाल होतो, आग होते, उन्हात जाता येत नाही. परत लावली की बरं वाटतं. चालू ठेवावी का? – नागपूर

उत्तर : नाही! हे स्टिरॉइडवालं मलम असण्याची दाट शक्यता आहे. पहिले काही दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात, पुरळ येतं, आणि सोडलं की भडकतं म्हणून माणूस परत लावतो. असली मलमं चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसतात, तरी साबणासारखी मिळतात. आता हळद-बेसन-लिंबू काहीही चोळू नका त्यावर. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, कशी सोडायची ते तेच सांगतील. आणि रागानं ट्यूब फेकून देऊ नका, सोबत घेऊन जा, आत काय आहे ते मागच्या बारीक अक्षरात असतं.