आईला माझी फाइल बघता येईल का?

प्रश्न : मी २६ वर्षांची, पुण्यात जॉब करते. डिप्रेशनसाठी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जाते, गोळ्या चालू आहेत, आता बरंच बरं वाटतंय. घरी फक्त दादाला माहितीय. सध्या माझ्यासाठी स्थळं बघतायत आणि त्यातच आईला गोळ्या सापडल्या, ती म्हणते डॉक्टरांकडे जाऊन सगळी फाइलच बघते. दाखवतील का तिला? आणि मेडिकल लीव्ह टाकली तर एचआरला कळेल का?

उत्तर : नाही गं, तुझ्या परवानगीशिवाय नाही दाखवता येत. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्याच्या कलम २३प्रमाणे डॉक्टर, सिस्टर, कौन्सेलर सगळ्यांनीच गुप्तता पाळायची. अपवाद आहेत, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरला उपचारासाठी सांगावं लागलं, कुणाच्या जिवाला धोका असला, कोर्टाची ऑर्डर आली वगैरे. मुलीचं लग्न जमवायचंय हे काही त्या यादीत नाही!

पण यात एक मेख आहे. कायद्यात पेशंटचा 'प्रतिनिधी' असतो, त्याला त्याच्या कामापुरती माहिती देता येते, आणि तू कुणाचंच नाव दिलं नसेल तर कायदा आधी नातेवाइकांकडे बघतो, आई तर नातेवाईक आहेच. म्हणून दादा तयार असेल तर त्याचं नाव देऊन टाक. साध्या कागदावर लिहून सही करायची, दादानेही लेखी संमती द्यायची, पुढे वाटलं तर नाव बदलता येतं. तुला स्वतःला तुझी फाइल मागायचा हक्क कलम २५ने आहेच.

खरं सांगू का, फाइल कपाटातून क्वचितच बाहेर जाते, बाहेर जातं ते रिसेप्शनवरून. आई फोन करते आणि तिकडून "हो काकू, तिची अपॉइंटमेंट शनिवारी आहे ना" असं सहज सांगितलं जातं, संपलं की मग! तेव्हा पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना स्पष्ट सांग की माझ्याबद्दल फोनवर कुणालाच काही सांगायचं नाही, आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायला लाव. प्रिस्क्रिप्शनचा फोटो ओळखीच्या मेडिकलवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असशील तर तेही बंद कर.

आईशी मात्र तूच बोल, हवं तर दादाला बरोबर घे, कारण नुसत्या गोळ्या बघून ती भलतंसलतं मनात आणत बसेल. आणि ज्या मुलाशी खरंच जमतंय असं वाटेल त्याला लग्न ठरायच्या आधी स्वतः सांग, त्याच्या अख्ख्या खानदानाला नाही.

एचआरचं म्हणशील तर सर्टिफिकेटवर आजाराचं नाव न घालता 'विश्रांतीची गरज आहे' एवढंच लिहाल का, असं डॉक्टरांना विचार. अ‍ॅडमिट होऊन इन्शुरन्सचा क्लेम केलास तर आजाराचं नाव विमा कंपनीला कळणारच, ते टळत नाही, पण ते कागद एचआरच्या हातून न देता थेट टीपीएकडे (विमा कंपनीसाठी क्लेमचं काम बघणारी संस्था) जातील असं बघ.