सोलापुरात राहून कमी पैशात गॉथिक स्टाइल कशी करायची?

बिनधास्त जमतं, महागडे बूट आणि कॉर्सेट ऑनलाइन मागवायची काही गरज नाही. काळे कपडे, गडद काजळ, साखळ्या-अंगठ्या अशी ही स्टाइल मुळात १९८० च्या आसपास इंग्लंडमध्ये पोस्ट-पंक (पंक रॉकनंतर आलेलं संगीत) ऐकणाऱ्या पोरापोरींनी जुनेपाने कपडे कापून, रंगवून, सेफ्टी पिना लावूनच उभी केली, त्यामुळे हातानं केलेलंच जास्त खरं वाटतं.

आपल्याकडं सगळ्यात भारी सोय म्हणजे संक्रांत. एरवी काळं नको म्हणणारे घरचे तेव्हा स्वतःहून पैसे देतात, आणि सण झाला की दुकानात उरलेले काळे कुर्ते, ओढण्या जरा भाव करून मागा, नव्या पेठेत फिरलात तर मिळतंच काहीतरी. त्याच दिवसांत गड्डा यात्रा, म्हणजे आपली सिद्धेश्वरांची जत्रा असते, तिथं ऑक्सिडाइज्ड अंगठ्या, चोकर, साखळ्या बघून ठेवा.

घरी रंगवायचं असेल तर कपडा कॉटनचाच घ्या, पॉलिस्टरवर साधा रंग चढत नाही. कपडा आधी ओला करा, पाकिटावर लिहिलंय तसं गरम पाणी-मीठ घाला आणि सारखं हलवत राहा नाहीतर डाग पडतात. शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असला तर पांढराच राहतो, पण काळ्यावर ती पांढरी टीप लय भारी दिसते, मला तर आवडते. पहिले दोन-तीन वेळा वेगळं धुवा हां.

उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो तेव्हा लेदर-बिदर विसरा, आईची जुनी काळी जाळीची ओढणी पातळ कॉटनवर घ्या. मेकअपला काजळ पुरतं, वरून थोडी पावडर दाबली की घामानं पसरत नाही.