पाठ केलेल्या खेळी आणि समजलेला डाव

प्रश्न : माझी मुलगी बुद्धिबळाच्या स्पर्धांत इटालियन ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळी) पाठ करून खेळते, परंतु अनपेक्षित खेळी समोर आली की गोंधळते. तिच्याकडून अभ्यास कसा करून घ्यावा? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हाच्या मोकळ्या संध्याकाळी पट मांडून अमेरिकन बुद्धिबळपटू पॉल मॉर्फीचा पॅरिसच्या ऑपेरागृहातील १८५८चा डाव घ्यावा आणि पुढची खेळी झाकून ‘मी काय खेळले असते’ हे तिला वहीत लिहायला लावावे. मॉर्फी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. फिलिडोर बचाव नावाच्या सुरुवातीत काळ्याने तिसऱ्या खेळीला उंटाने घोडा जखडला (घोडा हलला तर मागचा वजीर उघडा पडेल असा), तेव्हा मॉर्फीने ई५वरचे (ई स्तंभातील पाचव्या घरातले) प्यादे मारले; काळ्याने ते लगेच परत मारले असते, तर वजिरावजिरीनंतर (दोघांचे वजीर मारले गेल्यावर) त्याचे एक प्यादे गेले असते, म्हणून त्याला उंट देऊन घोडा घ्यावा लागला. आठव्या खेळीला बी७वरचे प्यादे मिळत असूनही मॉर्फीने उरलेला घोडा बाहेर काढला, कारण प्यादे घेतल्यास काळा वजीर बी४वर शह देऊन वजिरावजिरी साधू शकत होता. माझ्या मते डावाचे मर्म याच खेळीत आहे. सतराव्या खेळीला मात झाली, तेव्हा काळ्याचा राजाकडचा उंट आणि हत्ती जागचे हललेही नव्हते. इटालियनमध्ये उंट सी४वरून एफ७वर का रोखतात, हे मुलीने स्वतःच्या शब्दांत सांगितल्यावरच पुढच्या खेळी पाठ करून घ्याव्यात.