दहा डायमेन्शन कुणी हौसेनं घेतलेली नाहीत

शिवाजी विद्यापीठात एमेस्सी करणाऱ्या एका भावानं विचारलंय की आपलं सगळं तीन दिशा आणि एक वेळ यात भागतंय, मग स्ट्रिंग थिअरीला (सगळे कण म्हणजे थरथरणाऱ्या बारीक तारा असं मानणारा सिद्धांत) दहा डायमेन्शन कशाला लागतात, गणित जमेना म्हणून मागनं घुसडलीत काय.

उलटं आहे भावा. आईनस्टाईनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणात चार डायमेन्शन टाक नाहीतर सात, ते काही तक्रार करत नाही. स्ट्रिंगमध्ये ती मोकळीकच नाही, आकडा गणितच गळ्यात मारतं.

कसं ते बघ. एकूण डायमेन्शन डी धर. तार थरथरते ती आडवी, लांबीच्या दिशेचं हलणं धरायचंच नाही, म्हणजे दिशा उरल्या डी वजा २. क्वांटममध्ये शांत पडलेल्या कंपनालाही थोडी ऊर्जा असतेच, आणि एका तारेवर कंपनं १, २, ३, ४ अशी न संपणारी, बेरीज अनंत व्हायला पाहिजे, पण अनंताचा भाग रीतसर वेगळा काढला की उरतं उणे १/१२ (रामानुजननी १९१३ साली इंग्लंडच्या हार्डी या गणितज्ञाला कळवलेलं तेच, युट्यूबवर यावर लई धुरळा उडतो तो सोड), त्याचं निम्मं, दर दिशेला उणे १/२४. आता खुल्या, म्हणजे दोन्ही टोकं सुटी असलेल्या तारेचं पहिलं कंपन घे. त्याला घटक (थरथरायच्या स्वतंत्र दिशा) डी वजा २ च, फोटॉनसारख्या वस्तुमान नसलेल्या कणाला असतात तेवढे. वस्तुमान असतं तर डी वजा १ लागले असते. म्हणजे वस्तुमान शून्य यायलाच पाहिजे, नाहीतर सापेक्षता गेली. पहिल्या कंपनाची किंमत १, त्यातून (डी वजा २)/२४ गेल्यावर शून्य उरायचं तर डी २६ च. लव्हलेस या भौतिकशास्त्रज्ञाला १९७१ मध्ये वेगळ्या वाटेनं हाच आकडा मिळाला होता.

पण २६ वाल्यात इलेक्ट्रॉनसारखे फर्मिऑनच नाहीत. ते घेतले की दर दिशेला १/२४ च्या जोडीला १/४८, मिळून १/१६ वजा होतं, पहिल्या कंपनाची किंमत १ ऐवजी १/२, दिशा झाल्या ८, डी १०. कागदावर एकदा स्वतः करून बघ, अर्ध्या पानाचं काम आहे.

जादाची सहा गुंडाळून बारीक झालीत ही कल्पना क्लाईन या भौतिकशास्त्रज्ञाची, १९२६ ची, त्यानं एकच गुंडाळलेलं. १९८५ मध्ये सहांसाठी कॅलाबी-याऊ नावाचे गुंडाळलेले आकार पुढं आले. माझ्या मते खरी अडचण इथं आहे, कारण आकडा ठरला तरी आकार ठरत नाही, ढिगानं पर्याय आहेत आणि कुठले कण मिळणार ते आकारावरच अवलंबून. आणि लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात आजवर एकही जादा डायमेन्शन दिसलेलं नाही.