‘ऋण धागा’ नव्हे, साचा

फोंड्याच्या एका जीवशास्त्र-शिक्षिकेने विचारले आहे की, आरएनए विषाणूंच्या (ज्यांचा आनुवंशिक मजकूर आरएनए या धाग्यासारख्या रेणूत असतो) ‘पॉझिटिव्ह’ व ‘निगेटिव्ह’ धाग्यांना ‘धन’ आणि ‘ऋण’ म्हणावे काय, आणि ‘प्रतिलेखन’ व ‘प्रतिकृती’ एकमेकांच्या जागी चालतील काय.

धन-ऋण मुळीच म्हणू नये. ‘ऋणभारित धागा’ हे मी इतक्या व्याख्यानांत ऐकले आहे की आता कान किटले. भारच पाहायचा, तर फॉस्फेटमुळे दोन्ही धागे ऋणच असतात. भेद वाचनाचा आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याला परिचित असलेल्या माकडतापाच्या विषाणूचा आरएनए आपल्या पेशीतील रायबोसोम थेट वाचतो आणि प्रथिने घडवू लागतो. रेबीजचा आरएनए हा मजकुराचा उलट, पूरक धागा असल्याने रायबोसोमला तो निरुपयोगी, म्हणून त्यावरून उतारा काढणारे पॉलिमरेज विकर तो विषाणू बरोबरच घेऊन येतो.

या उलट धाग्याला ‘साचा’ म्हणावे आणि वाचता येणाऱ्याला ‘ठसा’. चवथीआधी चित्रशाळेत डाव्या सोंडेच्या गणपतीच्या रिकाम्या साच्यात डोकावून पाहावे. सोंड उजवी दिसते, आणि माती दाबून मूर्ती सोडवली की ती डावी होते. माकडतापाचा ठसाही पेशीत प्रथम आपला साचा करवून घेतो आणि मग त्यावरून ठशांमागून ठसे काढवतो.

‘साचा म्हणजे सच्चा, सत्यावरून आलेला’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या पंडितांनी एकदा हिंदीतला ‘साँचा’ उच्चारून पाहावा. सत्य–सच्च या वाटेने आला तो ज्ञानेश्वरीतला ‘साच’. आपला साचा संस्कृत ‘सञ्चक’ या शब्दाचा, ज्याचा अर्थच मुळी साचा. पूर्वी मराठीतही ‘सांचा’ असेच लिहीत. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्यात कुळाची ही खूणही पुसली गेली, आणि सत्याच्या घरी हा शब्द दत्तक द्यायला पंडित मोकळे झाले! नियमांशी माझे भांडण नाही. त्यांच्या आडोशाने रचलेल्या व्युत्पत्तींशी आहे.

राहिले प्रतिलेखन. रेबीजच्या साच्यावरून पाच जनुकांचे पाच सुटे संदेश निघतात, ते प्रतिलेखन. त्याच साच्यावरून पूर्ण लांबीचा अखंड ठसा निघतो आणि त्यावरून पुन्हा नवे साचे तयार होतात, ती प्रतिकृती. नव्या विषाणूंत भरले जातात ते हेच साचे.