साल्हेरच्या टाक्यातलं पाणी तसंच प्यावं का?

साल्हेर-मुल्हेरच्या दोन दिवसांच्या ट्रेकला फिल्टरची बाटली नेली तर गडावरचं पाणी बिनधास्त पिता येईल का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, एकट्या फिल्टरवर राहू नका. क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी सॅकमध्ये असू द्याच.

मी नाशिकचा. सातमाळा आणि बागलाणात बरीच वर्षं फिरतोय. पूर्वी आम्ही टाक्यावर वाकून ओंजळीनेच पाणी प्यायचो. एका पावसाळी ट्रेकनंतर महिनाभराने आमच्यातल्या दोघांना कावीळ झाली. माझा मावसभाऊ सहा आठवडे घरी पडून होता. त्याच पाण्याने झाली हे मी छातीठोक सांगू शकत नाही, पण पाण्यातून होणारी कावीळ दिसायला बऱ्याचदा महिना लागतो आणि तोवर ट्रेक कुणाच्या लक्षातही नसतो. त्यामुळे "आम्ही प्यायलो, काही झालं नाही" म्हणणाऱ्यांवर विसंबू नका.

बाटलीतल्या फिल्टरची छिद्रं साधारण 0.1 ते 0.2 मायक्रॉनची असतात. जुलाबाचे जिवाणू आणि जिआर्डियासारखे पोट बिघडवणारे परजीवी त्यात अडकतात. काविळीचा विषाणू 0.03 मायक्रॉनच्या आसपास, तो सहज पार होतो. गोळीचं उलटं आहे: ती विषाणू मारते, पण क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या जंतूंवर तिचं फारसं चालत नाही. म्हणून आधी गाळा, मग गोळी टाका.

उकळलंत तर दोन्ही कामं एकदम होतात. साल्हेर 1567 मीटर उंच, तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, तरी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. आम्ही रात्री जेवणानंतर स्टोव्हवर पातेलं चढवतो, झाकून ठेवतो आणि सकाळी बाटल्या भरतो.

पावसाळ्यात पाणी गढूळ असतं. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो, मग गोळी फुकट जाते. संध्याकाळीच पाणी भरून निवळत ठेवा, वरचं पाणी हलक्या हाताने ओतून चार पदरी सुती फडक्यातून गाळा. तुरटी फिरवली तरी चालेल, पण तिने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

गोळी किती लिटरला ते पाकिटावर बघा आणि घड्याळ लावून अर्धा तास थांबा. थोड्या वेळाने झाकण सैल करून बाटली जरा उलटी करा, म्हणजे आट्यांमध्ये अडकलेलं कच्चं पाणी धुतलं जाईल. तोंड तिथेच लागतं, आणि हे बहुतेकजण विसरतात. लिंबू पिळायचं तर अर्ध्या तासानंतरच, कारण त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीन मारून टाकतं.

गडावर प्यायचं टाकं कोणतं हे पायथ्याच्या गावातच विचारून घ्या. तिथे पाय धुऊ नका, खरकटी भांडी बुडवू नका. तुमच्या मागून येणाऱ्यालाही तेच पाणी प्यायचंय.

आणि उतरल्यावर द्राक्ष-डाळिंबाच्या बागांखालच्या ओहोळाचं पाणी अजिबात भरू नका. फवारणीचं औषध उकळून जात नाही, गोळीनेही नाही. त्यापेक्षा जवळच्या वस्तीवर पाणी मागा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.