प्रश्न तुमचे : छेदात काय लिहायचं?

या वेळचे बहुतेक प्रश्न नाशिक परिसरातल्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे आहेत. विषय एकच, संभाव्यता आणि संख्याशास्त्र.

प्रश्न : गणित वाचलं की बायनॉमियल लावू की पॉयझन, हेच सुचत नाही. पुस्तकात 'एन मोठा, पी लहान' एवढंच दिलंय. म्हणजे किती मोठा, किती लहान? (मेकॅनिकल, सातपूर)

उत्तर : बायनॉमियल आणि पॉयझन ही एखादी गोष्ट किती वेळा घडेल याची शक्यता काढायची दोन सूत्रं. एन म्हणजे एकूण नग, पी म्हणजे एक नग खराब निघण्याची शक्यता. सूत्र आठवायच्या आधी एवढंच बघा, की मोजणीला वरची मर्यादा आहे का. ५० बुशिंगच्या खोक्यात खराब बुशिंग ५० पेक्षा जास्त निघूच शकत नाहीत. मर्यादा आहे, म्हणून बायनॉमियल. द्वारका चौकात तासाभरात किती गाड्या बंद पडतील, याला ठरलेला 'एन' नाही. तिथे सरासरी दिलेली असते आणि पॉयझन लागतो.

बायनॉमियलच्या जागी पॉयझन चालवायचा तर एन किमान २० आणि पी ०.०५ पर्यंत, असा अंदाज रूढ आहे. करूनच बघा. खराब नगांचं प्रमाण २ टक्के, खोक्यात ५० नग, म्हणजे सरासरी १. एकही खराब नसण्याची शक्यता बायनॉमियलने ०.९८ चा ५० वा घात, म्हणजे ०.३६४. पॉयझनने ०.३६८. फरक तिसऱ्या दशांशात.

मार्क जातात ते 'कमीत कमी दोन खराब' या शब्दांवर. इथे १ मधून शून्य आणि एक, या दोनच शक्यता वजा करायच्या. उत्तर ०.२६४. घाईत 'दोन'चीही शक्यता वजा केली जाते आणि उत्तर ०.०८ च्या आसपास येतं.

आणखी एक गोष्ट पेपरात कोणी विचारत नाही, पण एमआयडीसीत कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात भेटते. दोन्ही सूत्रं प्रत्येक नग दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असं धरून चालतात. टूल झिजला की खराब नग एकामागून एक ओळीने येतात. सरासरी २ टक्केच राहिली तरी काही खोकी साफ आणि काही खोक्यांत सात-आठ खराब, असं होतं. तिथे ०.२६४ चा काही उपयोग नाही.

प्रश्न : झेडच्या टेबलवरून माझं उत्तर दर वेळी ०.५ ने चुकतं. (सिव्हिल, पंचवटी)

उत्तर : झेडचं टेबल नॉर्मल वक्राखालचं क्षेत्रफळ, म्हणजे शक्यता, देतं. त्याच्या डोक्यावर काढलेली आकृती बघा. काही टेबलं ० पासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देतात, काही डाव्या टोकापासूनचं. १.२ ला पहिल्यात ०.३८४९ दिसेल, दुसऱ्यात ०.८८४९. आधी घंटेसारखा वक्र काढून हवा तो भाग पेन्सिलीने भरा, मग टेबल उघडा.

प्रश्न : कॅल्क्युलेटर स्टँडर्ड डेव्हिएशन दोन देतो. खरं कुठलं? (प्रॉडक्शन, सिन्नर)

उत्तर : स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत, त्याचा आकडा. दोन्ही खरी, छेद वेगळे. शाफ्टच्या व्यासाची पाच मापं घ्या : २५.०२, २४.९८, २५.०१, २४.९९, २५.०० मिमी. सरासरी २५.००. फरकांच्या वर्गांची बेरीज ०.००१०. तिला ५ ने भागून वर्गमूळ काढलं तर ०.०१४१, ४ ने भागून काढलं तर ०.०१५८. कॅल्क्युलेटरवर सिग्मा असलेलं पहिलं, एस असलेलं दुसरं. जुन्या मॉडेलवर दोन्हींना सिग्माच असतो, खाली 'एन' आणि 'एन वजा १' लिहिलेलं असतं.

तुमच्याकडे आहेत तेवढीच पाच मापं हवी असतील तर ५. त्या पाचांवरून सगळ्या लॉटचा अंदाज करायचा असेल तर ४. कारण फरक आपण याच पाचांच्या सरासरीपासून मोजले. त्या फरकांची बेरीज शून्यच येते, म्हणजे चार कळले की पाचवा ठरलेलाच, मोकळे चारच. शिवाय स्वतःच्या सरासरीपासून मोजलेला पसारा खऱ्या पसाऱ्यापेक्षा सरासरीने थोडा कमीच भरतो. १ कमी करून ती तूट भरली जाते.

लॉटच्या खऱ्या सरासरीसाठी ९५ टक्के भरवशाचा पट्टा काढताना पाच मापांवर झेड-टेबलमधला १.९६ वापरू नका. मोजक्या मापांसाठीच्या टी-टेबलमध्ये ४ स्वातंत्र्यांशांसमोर (वरचे चार मोकळे फरक ते हेच) २.७७६ आहे, तो घ्या. हे टेबल १९०८ साली डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यातल्या विल्यम गॉसेटने 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडलेल्या कामावर उभं आहे. त्याचीही अडचण हीच होती, नमुने मोजकेच.

आणि पसारा काढायचा 'वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग' हा शॉर्टकट इथे जपून वापरा. वर्गांची सरासरी ६२५.०००२ येते. दोन दशांशांवर कापली तर पसारा चक्क शून्य! सगळ्या मापांतून आधी २५ वजा करून घ्या, भीतीच नाही.

प्रश्न : आमच्याकडून द्राक्षं निर्यातीला जातात. रेसिड्यूची (फळावर उरलेल्या कीटकनाशकाच्या अंशाची) चाचणी ९५ टक्के अचूक असली आणि नमुन्यात रेसिड्यू 'सापडला', तर तो खरंच असण्याची शक्यता ९५ टक्केच ना? (कॉम्प्युटर, निफाड)

उत्तर : नाही. अशी उलटी शक्यता काढायचं बेजचं सूत्र बाजूला ठेवून नमुने मोजा. आकडे फक्त हिशेबापुरते. १००० नमुने, त्यातल्या २० मध्ये खरोखर रेसिड्यू. चाचणी २० पैकी १९ पकडते. उरलेल्या ९८० चांगल्या नमुन्यांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९, उगाचच अडकतात. 'सापडला' असे एकूण ६८, त्यात खरे १९. शक्यता २८ टक्के. छेदात ६८ लिहायचे होते. ९५ टक्क्यांच्या छेदात २० आहेत, म्हणजे ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर.

या ६८ नमुन्यांची पुन्हा चाचणी केली आणि दुसऱ्यांदाही 'सापडला' आलं, तर शक्यता ८८ टक्क्यांवर जाते. पण दुसरी चाचणी पहिलीपासून स्वतंत्र असेल तरच. एखादं चांगलं द्राक्ष दुसऱ्याच कुठल्या घटकामुळे यंत्राला फसवत असेल, तर तोच नमुना त्याच यंत्रात पुन्हा घालून काही हाती लागणार नाही. तो तसाच पुन्हा फसवेल.